गच्चीवर सोलर: आत्ता बसवू की ३४ टक्केवाल्या पॅनलची वाट बघू?

अकोलेकर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज धागा काढतोय कारण घरात रोज रात्री जेवताना यावरून वाद चाललाय.

गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरलंय. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, ती धरूनच बजेट बसतंय. दोन कोटेशनं आलीत. एकात ५४० वॅटची मोनो पर्क (सिलिकॉन पॅनलचा जुना प्रकार) पॅनलं, दुसऱ्यात तेवढ्याच आकाराची ५७५ वॅटची टॉपकॉन (त्यातलाच नवा प्रकार), ही एकूण १८ हजारांनी महाग. मी सही करणारच होतो तेवढ्यात भाच्याने बातमी पाठवली की चीनच्या लाँगी कंपनीने ३४.८५ टक्के एफिशियन्सीचा, म्हणजे पडलेल्या उन्हातली तेवढी ऊर्जा विजेत बदलणारा सेल केलाय (पॅनल अशा अनेक सेलचं बनतं). आपल्याला मिळतायत ती २१-२२ टक्क्यांची. झालं, बाबा अडून बसले. म्हणतात दोन वर्षं थांब, तेवढ्याच जागेत दीडपट वीज मिळेल, आत्ता घेतलीस तर जुना माल २५ वर्षं डोक्यावर राहील.

आईचं तिसरंच. ती म्हणते सगळी गच्ची पॅनलांनी भरली तर मी वाळवणं कुठे घालू?

गच्चीची मोकळी जागा २२ बाय १४ फूट, एका टोकाला पाण्याची टाकी. उन्हाबद्दल सांगायला नको, अकोला आहे. थांबावं का?

गच्चीप्रेमी

थांबू नका. आईंच्या कुरडयांची सोय मात्र आधी बघा, तो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे :)

सिलिकॉनसखी

या विषयात काम केलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खाली सरका.

३४.८५ ही बातमी खरी आहे, एप्रिल २०२५ ची. पण तो सेल प्रयोगशाळेतला, आकाराने नखाएवढा. त्याला टँडम म्हणतात, म्हणजे खाली नेहमीचा सिलिकॉनचा सेल आणि त्याच्यावर पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ थर. नुसत्या सिलिकॉनने ३४ गाठणं शक्यच नाही. त्याची सैद्धांतिक हद्द साडेएकोणतीसच्या आसपास आहे आणि आजचे उत्तम सिलिकॉन सेल २७ च्या पुढे पोचलेत, म्हणजे तिथे आता फार काही शिल्लक नाही.

हद्द का आहे ते एसटीच्या भाषेत सांगते. समजा सिलिकॉन नावाची एक एसटी आहे, तिकीट ११ रुपये. सूर्यप्रकाशाचे कण हे प्रवासी, खिशातले पैसे म्हणजे त्यांची ऊर्जा. इन्फ्रारेडवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या खिशात ८-९ रुपयेच असतात, त्यांना गाडीत घेतच नाहीत. निळ्या प्रकाशातला प्रवासी २८ रुपये घेऊन येतो, त्याला घेतात, पण कंडक्टरकडे सुट्टे नाहीत! ११ चं तिकीट मिळतं आणि वरचे १७ रुपये उष्णता होऊन वाया जातात. या दोन कारणांनीच सूर्याची निम्मी ऊर्जा जाते, कंडक्टर कितीही हुशार असला तरी. हा हिशोब शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्येच मांडून ठेवलाय.

टँडममध्ये दोन गाड्या लावतात. वरच्या पेरोव्स्काइट गाडीचं तिकीट १७ रुपये, ती निळे-हिरवे श्रीमंत प्रवासी उचलते, म्हणजे २८ वाल्याचे आता ११ च वाया गेले. ज्यांना १७ परवडत नाहीत ते खालच्या सिलिकॉन गाडीत. त्यामुळे हद्द एकदम ४० च्या वर सरकते. मला स्वतःला या कामाबद्दल फार वाटतं. पेरोव्स्काइटचा पहिला सेल जपानमध्ये मियासाका यांनी २००९ मध्ये केला तेव्हा ३.८ टक्के होता, आज एकट्या पेरोव्स्काइटचा २६ च्या पुढे आहे. सिलिकॉनला ६ वरून २५ वर यायला साडेचार दशकं लागली होती.

आपल्याकडे आयआयटी मुंबईतही टँडमवर चांगलं काम झालंय, तिथल्या गटाने ३० टक्क्यांच्या आसपास मजल मारलीये.

नाना

सखीताई, एसटीचं उदाहरण आवडलं, बायकोला वाचून दाखवलं.

त्या ६ टक्क्यांवरून आठवलं. १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी पहिला उपयोगाचा सिलिकॉन सेल केला तो ६ टक्क्यांचा. चारच वर्षांनी व्हॅनगार्ड उपग्रहावर सोलर सेल गेले. मी टेलिफोन खात्यात होतो. ८० च्या दशकात डोंगरावरच्या एका रिपीटर स्टेशनला आम्ही पॅनलं लावली होती, त्याआधी डिझेलचे कॅन माणसाच्या खांद्यावरून वर जायचे. पहिल्या दिवशी बॅटरीच्या मीटरचा काटा ऊन चढेल तसा हलायला लागला तेव्हा आम्ही चौघं डबा उघडायचा विसरून नुसते त्या काट्याकडे बघत बसलो होतो. टक्के किती हे कोणी विचारलंही नाही, कॅन वाहायला लागणार नव्हते एवढंच कळलं.

चिकित्सक

उत्साहावर पाणी घालायचं नाही पण पेरोव्स्काइट "दोन वर्षांत बाजारात" हे मी दहा वर्षं वाचतोय. २५ वर्षांची गॅरंटी कोण देणार? सिलिकॉन म्हणजे दगड आहे, उन्हापावसात पडून राहतो. हा पदार्थ ओल लागली की बिघडतो, उष्णतेने बिघडतो, उजेडानेसुद्धा बिघडतो आणि लावायचा कुठे तर उन्हात! शिवाय त्यात शिसं आहे.

आणि अजून एक, रेकॉर्डचा सेल आणि विकत मिळणारं पॅनल यात किती फरक असतो ते बघा. ऑक्सफर्ड पीव्हीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला टँडम पॅनलांची पहिली व्यापारी खेप पाठवली, ती साडेचोवीस टक्क्यांची होती. चांगलं सिलिकॉन पॅनल आज साडेबावीस-तेवीस देतं. म्हणजे बाबांची "दीडपट" कुठे गेली?

सिलिकॉनसखी

@चिकित्सक, ओल आणि उष्णतेचं बरोबर आहे, काम तिथेच अडलंय. पॅनलला बाजारात यायच्या आधी ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास कोंडून ठेवतात, त्यातून पास होणारी पेरोव्स्काइट पॅनलं आता आहेत. पण १००० तास पास होणं आणि कोकणातले २५ पावसाळे काढणं यात फरक आहे हे मलाही मान्य. शिशाचं म्हणाल तर आजच्या साध्या पॅनलच्या सोल्डरमध्येही ते असतं, म्हणून जुनं पॅनल भंगारवाल्याला देऊ नये. आपल्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलं धरलीयेत.

साडेचोवीस ही सुरुवात आहे एवढंच म्हणेन. पर्क सेलची कल्पना ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेतून ८० च्या दशकात आली आणि आपल्या गच्च्यांवर पोचायला तीस वर्षं लागली. पेरोव्स्काइटला तेवढी लागणार नाहीत पण दोनही नाहीत.

दापोलीची

कोकणातला पावसाळा म्हणालात म्हणून लिहिते. आमच्याकडे २०१७ पासून सोलर आहे. पॅनलं उत्तम चाललीत, त्रास झाला तो बाकीच्याचा. खाऱ्या वाऱ्याने स्ट्रक्चरचे नटबोल्ट गंजले, पावसाळ्यात फ्रेमच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं आणि ते काचेवर चढत खालच्या रांगेतले सेल झाकतं. दर गणपतीच्या आधी नारळाच्या काथ्याने हलक्या हाताने घासून काढते.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आजूबाजूच्या घरांचे पत्रे उडाले, आमची चार पॅनलं राहिली कारण मिस्त्रीने पाय स्लॅबला धरून काँक्रीटमध्ये पक्के केले होते. तेव्हा अकोलेकर, ३४ टक्के राहू देत, तुमच्या कोटेशनमध्ये स्ट्रक्चर कशाचं आहे ते वाचलंत का?

अकोलेकर

नाही वाचलं :( आत्ता बघितलं, नुसतं "जीआय स्ट्रक्चर" (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) लिहिलंय. उद्या विचारतो जाडी किती आणि गॅल्व्हनायझिंग कसं आहे.

बाभूळवन

आमचं अमरावती, म्हणजे तुमच्या शेजारीच, म्हणून उन्हाचं सांगतो. पॅनलवर लिहिलेले ५७५ वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात सेल २५ अंश कधी असणार? पहाटे, आणि तेव्हा ऊन नसतं. दुपारी हवा ४४ असली की काच-सेल ६५ च्या पुढे जातो, हात ठेववत नाही.

आता हिशोब. जुन्या पर्कला दर अंशाला ०.३५ टक्के उतार, टॉपकॉनला साधारण ०.३०, एचजेटी म्हणून अजून एक प्रकार आहे त्याला ०.२५ च्या आसपास. ६५ अंशाला म्हणजे ४० अंश वर. पर्क १४ टक्के खाली, ५४० चे झाले ४६४. टॉपकॉन १२ टक्के खाली, ५७५ चे झाले ५०६. कागदावर ३५ वॅटचा फरक होता तो तापल्यावर ४२ झाला. दर पॅनलला. विदर्भात डेटाशीटमधल्या टक्केवारीच्या आधी हा आकडा बघायचा, टेम्परेचर कोएफिशियंट नावाने असतो. वरचे १८ हजार मी देईन.

आणि पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून. इथे बरोबर उलट परिस्थिती. हवा थंड म्हणून पॅनल खुश, पण ऊनच कमी. वर्षाला एका किलोवॅटमागे इथे १००० युनिटच्या आसपास मिळतात, महाराष्ट्रात १४०० ते १५००. तरी लोक फ्लॅटच्या बाल्कनीच्या कठड्याला पॅनलं टांगतात, ८०० वॅटच्या इन्व्हर्टरपर्यंत सोपी परवानगी आहे, प्लग भिंतीत लावला की झालं. माझीही दोन आहेत. बाल्कनी एवढीशी, तिथे एफिशियन्सी खरंच जाणवते कारण तिसरं पॅनल लावायला जागाच नाही.

फ्रायबुर्गला फ्राउनहोफर संस्थेने २०२२ मध्ये ४७.६ टक्क्यांचा सेल केला होता. ३४ काय घेऊन बसलात, ४७ ची वाट बघा म्हणावं बाबांना!

गच्चीप्रेमी

४७.६???? मग तोच का नाही विकत?

सिलिकॉनसखी

कारण त्यात चार थर आहेत, महागड्या पदार्थांचे, आणि तो आकडा ६६५ सूर्यांएवढा उजेड भिंगाने एकवटून मिळवलाय. भिंगाला थेट ऊन लागतं, ढग आले की संपलं, आणि सूर्यामागे फिरणारं यंत्र लागतं. उपग्रहावर असे बहुथरी सेल वापरतात कारण तिथे वजन आणि जागा सोन्याच्या भावाची. गच्चीवर कोण परवडून घेणार?

शिवार

राम राम. सगळ्यांचं वाचलं. मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत ५ एचपी चा पंप घेतला, १० टक्के आपण भरायचे, बाकी अनुदान. माझ्याकडे पॅनल १७ टक्क्यांचं का २२ चं याने काहीच फरक पडत नाही, विहिरीजवळ पडीक तुकडा आहे, दोन पॅनलं जास्त लागली तर लागली.

फरक कशाने पडला ते सांगतो. आमच्याकडे बिबट्या आहे. लाइट रात्रीची असायची तेव्हा रात्री एक वाजता दारं धरायला जायचं म्हणजे एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि मोबाईलवर मोठ्याने गाणी. घरी आई जागी. आता सकाळी नऊला पंप चालू करतो, पाचला बंद, पोरगं पण शाळेतून आलं की सोबत येतं. ढगाळ दिवशी पाणी कमी पडतं ते चालवून घेतो.

शास्त्रज्ञांनी टक्के जरूर वाढवावेत पण आमच्यासारख्याला पॅनल स्वस्त आणि टिकाऊ पाहिजे, वानराने उडी मारली तरी न फुटणारं.

चिकित्सक

@शिवार, मनापासून नमस्कार. या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं लिहिलंत.

कोथरूडकर

सावलीबद्दल कुणीच बोललं नाही अजून आणि अकोलेकरांच्या गच्चीवर टाकी आहे, म्हणून माझा अनुभव.

आमच्याकडे सर्व्हेला माणूस आला तो मे च्या मध्यात. पुण्यात १३-१४ मे ला शून्य सावली दिवस असतो, भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर. टाकीची सावली टाकीच्याच पायाशी. त्याने बघितलं, "सावली नाही" असं लिहिलं आणि गेला. पॅनलं टाकीच्या उत्तरेला बसली. जून ते सप्टेंबर काही कळलं नाही. डिसेंबरमध्ये ॲपवर बघते तर साडेतीन वाजता आलेख एकदम खाली. वर जाऊन बघितलं. सहा फुटी टाकीची सावली तिरकी पसरून बारा फूट लांब, नेमकी दोन पॅनलांच्या कोपऱ्यावर पडलेली. झाकलं गेलं होतं हातभर, पण पॅनलं एकामागे एक जोडलेली असतात त्यामुळे पाण्याच्या पाइपवर कुणी पाय द्यावा तसं झालं. पॅनलमध्ये बायपास डायोड असतात, ते विजेला झाकलेल्या भागाला वळसा घालून नेतात, त्यांच्यामुळे सगळं बंद पडत नाही, पण पॅनलचा तिसरा भाग तरी जातोच. पुढे त्या कोपऱ्यातल्या सेलवर तपकिरी डागही आला.

कंपनीला फोन केले तर म्हणाले सर्व्हे रिपोर्टवर तुमची सही आहे. खूप राग आला. शेवटी स्वखर्चाने टाकी हलवली. २२ चे ३४ टक्के केले असते तरी त्या सावलीने तेवढंच खाल्लं असतं.

अकोलेकर, डिसेंबरची सावली आत्ता मोजता येत नाही पण मोबाईलवर सूर्याचा मार्ग दाखवणारी ॲपं आहेत, २२ डिसेंबरची तारीख टाकून गच्चीवर उभं राहून बघा.

बाभूळवन

हे लाख मोलाचं. आणि धूळ. आमच्याकडे मार्चमध्ये पंधरा दिवस पुसलं नाही तर बोटाने नाव लिहिता येतं. पहाटे पुसायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. आणि बोअरचं पाणी वापरलंत तर क्षारांचे पांढरे ओघळ बसतात ते निघता निघत नाहीत, पुसून कोरडं करायचं.

वसईचा_पोरगा

मला एक कळलं नाही. चीनची पॅनलं एवढी पुढे आहेत तर तीच आणून लावली तर? सबसिडीच्या पॅनलांना डीसीआर का काय ते लागतं म्हणे.

चिकित्सक

हो, सूर्यघरची सबसिडी हवी असेल तर पॅनलही भारतातलं आणि आतला सेलही भारतातच बनलेला लागतो. थोडी महाग पडतात पण सबसिडी धरली तर फायदाच. आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे बघा. समजा दोन वर्षांत चीनमध्ये टँडम पॅनल दुकानात आलंच, तरी तो सेल भारतात बनायला लागून डीसीआर यादीत येईपर्यंत तुम्हाला सबसिडीत मिळणार नाही.

दुसरा हिशोब. ३ किलोवॅटला दिवसाला सरासरी १२ युनिट, वर्षाला ४३०० च्या आसपास. तुमच्या वीजबिलाच्या स्लॅबला सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पडत असतील तर दोन वर्षं थांबण्याचे ८६ हजार होतात. सबसिडीपेक्षा जास्त.

सिलिकॉनसखी

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, पटला. मी टँडमची बाजू मांडत होते ती विज्ञान म्हणून. अकोलेकरांना मीही आत्ताच घ्या म्हणेन, टॉपकॉन घ्या.

फक्त @शिवार आणि इतरांना एक सांगावंसं वाटतं, टक्के वाढण्याचा उपयोग स्वस्ताईसाठीही असतो. गच्चीवरच्या खर्चात पॅनल हा एक भाग, बाकी लोखंड, वायर, इन्व्हर्टर, मजुरी. पॅनलं कमी लागली की लोखंड कमी, काँक्रीट कमी, दिवसही कमी. धुळे जिल्ह्यात साक्रीला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये झाला, तेवढ्याच विजेला आज जमीन कमी लागेल. धुळ्यासारख्या ठिकाणी ती जमीन कुणाच्या तरी शेताची असते.

शिवार

हे मात्र बरोबर बोललात ताई.

नाना

अकोलेकर, काय ठरलं ते कळवा. बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांची शंका रास्त होती.

अकोलेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी खडू आणि टेप घेऊन मी, बाबा आणि भाचा गच्चीवर गेलो. कोथरूडकरताईंनी सांगितल्याप्रमाणे ॲपमध्ये २२ डिसेंबर टाकून टाकीच्या सावलीची हद्द खडूने आखली, ५ फुटांची पट्टी बाद झाली. उरलं १७ बाय १४.

मग भाच्याने फरशीवर पॅनलं काढली. ५७५ वालं साडेसात फूट बाय पावणेचार. तीन शेजारी शेजारी, अशा दोन रांगा. ११ बाय १५ मध्ये सहा बसली, म्हणजे ३४५० वॅट. बाबांचे एक मित्र आहेत, त्यांच्याकडे सहा वर्षांपूर्वीची ३३० वॅटची आहेत, त्यांना फोन करून माप विचारलं आणि शेजारी तीही आखली. चार-चारच्या दोन रांगा झाल्या, तिसरी बसेना, २६४० वॅट. बाबा बराच वेळ दोन्ही आखण्यांकडे बघत होते. मग म्हणाले, म्हणजे मी ज्याची वाट बघायची म्हणत होतो त्यातलं थोडं आधीच येऊन गेलंय.

टॉपकॉनवर सही केली. स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) हवं आणि पाय काँक्रीटमध्ये, हे कोटेशनवर लिहून घेतलं.

आई शेवटी वर आली. टाकीच्या कडेची पट्टी मोकळी राहतेय, तिथे मार्च-एप्रिलमध्ये सावली जवळजवळ नसते हे तिला ॲपवर दाखवलं. तिने तिथे साडी अंथरून बघितली, एका वेळी दोन किलो गव्हाच्या कुरडया बसतील म्हणाली.